न दिसणाऱ्या धनाचा हिशेब

घरात धन किती प्रकारचे असते, असा प्रश्न आमच्या आजोबांस कोणी केला असता, तर त्यांनी बोटांवर मोजून उत्तर दिले असते: शेत, वाडा, सोने, गुरे आणि लोकांकडील येणे. यांपैकी पहिली चार डोळ्यांस दिसतात. पाचवे दिसत नसले तरी त्याचा कागद पेटीत असतो. अशा धनाचा एक मोठा गुण असा की, ते साऱ्या घरास ठाऊक असते. सुनेच्या पाटल्या किती तोळ्यांच्या, हे सासूस पाठ असते, आणि बांधावरचे आंब्याचे झाड विकावयाचे झाले तरी ओसरीवर दोन दिवस खल झाल्यावाचून ते विकले जात नाही. गेल्या दहापंधरा वर्षांत मात्र सुशिक्षित घरांत एक सहावे धन शिरले आहे. ते मोबाइलमध्ये असते असे म्हणावे, तर तेथेही ते नसते. तेथे असते केवळ त्याची किल्ली. ते विकत घेतलेले घरात कोणास कळत नाही, विकलेले कळत नाही, आणि बुडाले तर तेही कळत नाही. या धनाच्या विक्रीचा हिशेब सरकारास का व कसा द्यावयाचा, हा विषय रूक्ष खरा. तथापि आमच्या घरी तो जिव्हाळ्याचा होऊन बसला, म्हणून त्याविषयी चार शब्द लिहीत आहो.

आमचे बिऱ्हाड अंबाजोगाईचे. कोकणस्थ वाचकांपैकी पुष्कळांची कुलस्वामिनी येथील योगेश्वरी असल्याने गावाची ओळख निराळी करून देण्याचे कारण नाही. आमच्या जुन्या वाड्यात आम्ही तिघे बंधू, आमच्या मातोश्री, आणि मुले-सुना मिळून एकत्र राहतो. पुढची पिढी पोटासाठी पुण्या-मुंबईस गेली असली तरी सणावारी चूल एकच पेटते. वाड्याच्या मागील सोप्यावर पाच खणांचे जुने मातीचे माळवद आहे. दर पावसाळ्यात ते गळते, दर उन्हाळ्यात त्यावर नवी माती पडते, आणि दर दिवाळीस 'पुढल्या वर्षी स्लॅब' असा ठराव सर्वानुमते पसार होतो. गवंड्याने अंदाज दिला होता चार लक्ष रुपयांचा.

डिसेंबर २०२४ मध्ये, मार्गशीर्षातील योगेश्वरीच्या उत्सवास थोरल्या बंधूंचे चिरंजीव पुण्याहून सपत्नीक आले. जेवणे झाल्यावर त्यांनी सहज सांगावे तसे सांगितले, "काका, या उन्हाळ्यात माळवदाचे काम काढा. चार लाख मी देतो." मुलगा संगणकाच्या कंपनीत नोकरीस आहे, परंतु त्याचे घराचे हप्ते आम्हांस ठाऊक होते. थोरल्या बंधूंनी विचारले, "पैसा कोठून आणलास?" तेव्हा कळले की, चिरंजिवांनी जुलै २०२१ मध्ये आपल्या पगारातून १,२०,००० रुपयांचे बिटकॉइन घेऊन ठेवले होते. त्या डिसेंबरच्या ५ तारखेस एका बिटकॉइनचा भाव इतिहासात प्रथमच एक लाख डॉलरांवर गेला, आणि त्या तेजीत त्यांनी आपला अंश ४,००,००० रुपयांस विकला. शिवाय मित्राच्या सांगण्यावरून घेतलेले दुसरे एक नाणे होते. त्यात ६०,००० घातले होते, ते त्याच दिवशी विकून २०,००० हाती आले.

साडेतीन वर्षे हे धन आमच्या घरच्या मुलाजवळ होते आणि घरात कोणास त्याचा पत्ता नव्हता. प्रत्यक्ष त्याच्या पत्नीसही ते अर्धेमुर्धेच ठाऊक होते.

आनंद झालाच. परंतु आमच्या बंधूंनी जन्मभर सरकारी कचेरीत हिशेब तपासले. त्यांचा पुढचा प्रश्न ठरलेला होता. "यावर कर किती?" चिरंजीव किंचित घुटमळले. मग म्हणाले, "काका, ही काही घर-जमीन नव्हे. विवरणपत्रात दाखवलेच पाहिजे असे नाही. पुष्कळजण दाखवत नाहीत." येथून जो वाद सुरू झाला तो उत्सव संपेतो चालला. त्या वादात आम्हांस जी माहिती मिळवावी लागली, ती प्रथम वाचकांपुढे ठेवतो.

या नाण्यांविषयी आपल्या देशाचे धोरण बरीच वर्षे डळमळीत होते. रिझर्व्ह बँकेने ६ एप्रिल २०१८ रोजी परिपत्रक काढून बँकांस या व्यवहारांपासून दूर राहण्यास फर्मावले. सर्वोच्च न्यायालयाने ४ मार्च २०२० रोजी ते परिपत्रक रद्द ठरवले. पुढे १ फेब्रुवारी २०२२ रोजी अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी मांडलेल्या अंदाजपत्रकाने या धनास आयकराच्या कायद्यात प्रथम नाव दिले: आभासी डिजिटल मालमत्ता. नाव दिले म्हणजे ते चलन म्हणून मान्य केले असे मात्र नव्हे. रिझर्व्ह बँकेने १ डिसेंबर २०२२ पासून सामान्य लोकांसाठी प्रयोगादाखल काढलेला डिजिटल रुपया हे खरे चलन. तो या व्याख्येत येत नाही. तसेच दुकानांची भेट-कार्डे आणि खरेदीवर मिळणारे बक्षिसाचे गुण यांनाही सरकारने ३० जून २०२२ च्या अधिसूचनेने वगळले. तेव्हा वाण्याच्या ॲपवर साठलेल्या गुणांची चिंता गृहिणींनी करू नये.

कायद्याचा गाभा असा. १ एप्रिल २०२२ पासून या मालमत्तेच्या विक्रीत जो नफा होईल त्यावर सरसकट ३० टक्के कर, आणि त्या करावर ४ टक्के उपकर. नफा काढताना केवळ मूळ खरेदीची किंमत वजा करावयाची. दलाली, व्याज, इंटरनेटचा खर्च यांपैकी काही वजा होत नाही. विक्री होताच रकमेतून १ टक्का उगमस्थानी कापून पॅन क्रमांकावर जमा केला जातो. हा नियम १ जुलै २०२२ पासूनचा. ज्यास दुसरे काहीच उत्पन्न नाही अशा विद्यार्थ्यासही या नफ्यापुरती करमुक्त उत्पन्नाची मर्यादा उपयोगी पडत नाही. आणि सर्वांत कठोर कलम हे की, एका नाण्यातील तोटा दुसऱ्या नाण्याच्या नफ्यातून वळता होत नाही. पुढील वर्षीही ओढता येत नाही. १९६१ च्या कायद्यात हे ११५ बीबीएच या कलमात होते. २०२५ साली नवा आयकर कायदा संमत झाला आणि १ एप्रिल २०२६ ही त्याच्या अंमलाची तारीख ठरली. त्यात कलमांचे आकडे बदलले, दर बदलला नाही.

आता आमच्या चिरंजिवांचे गणित पाहा. बिटकॉइनवरील नफा २,८०,०००. त्यावर ३० टक्क्यांनी ८४,००० आणि उपकर ३,३६०, मिळून ८७,३६०. दुसऱ्या नाण्यातील ४०,००० चा तोटा कायद्याच्या लेखी शून्य. तो वळता झाला असता तर कर ७४,८८० झाला असता. म्हणजे १२,४८० रुपये केवळ या एका नियमामुळे अधिक गेले. दोन्ही विक्रींतून मिळून ४,२०० रुपये आधीच कापले गेले होते; उरलेले ८३,१६० भरावयाचे होते. माळवदाच्या चार लक्षांतून एवढी रक्कम काढणे म्हणजे जवळजवळ एक खण उघडा टाकणे, हे ओसरीवर बसलेल्या प्रत्येकास कळत होते.

मुलाचा युक्तिवाद अगदीच टाकाऊ नव्हता, हे सांगणे प्रामाणिकपणाचे होईल. तो म्हणाला, "आईने सोन्याची पाटली विकली असती, तर दोन वर्षांहून जुन्या सोन्याच्या नफ्यावर साडेबारा टक्के कर. मग मी नोकरीच्या पैशातून घेतलेल्या वस्तूवर तीस का? नफ्यात सरकार भागीदार, तोट्यात मात्र मी एकटा, हा कोठला न्याय?" यावर आमच्यापाशी उत्तर नव्हते, आणि आजही नाही. लॉटरीच्या बक्षिसावर जो तीस टक्क्यांचा दर तोच या धनावर. सरकार यास कोणत्या नजरेने पाहते, हे त्यावरूनच उघड होते. तोटा वळता करू द्यावा, अशी मागणी करणे हा प्रत्येक नागरिकाचा अधिकार आहे, आणि ती मागणी आम्हांसही रास्त वाटते. परंतु कायदा कडक आहे म्हणून तो आपल्यापुरता नाहीच असे समजणे, ही गोष्ट निराळी.

दुसरा युक्तिवाद असा की, "कळणार कोणास?" हा आम्हांस पहिल्याहून पुष्कळच दुबळा वाटला. एक टक्का कापला गेला तेव्हाच त्याची नोंद पॅनखाली झाली. वार्षिक माहिती विवरणात ती ओळ आपली आपणच येऊन बसते. एका स्नेह्याने हातोहात रोखीने विकण्याचा मार्ग सुचवला होता म्हणे. पण खासगी सौद्यातही कर कापण्याची जबाबदारी कायद्याने घेणाऱ्यावर टाकलेली आहे, आणि झडतीत सापडणाऱ्या अघोषित उत्पन्नात या मालमत्तेची गणना २०२५ च्या वित्त कायद्याने स्पष्टपणे केली. त्याहून मौजेची गोष्ट ही की, बिटकॉइनची खातेवही मुळात जगासाठी उघडी असते. ३ जानेवारी २००९ रोजी तिचे पहिले पान लिहिले गेले. तेव्हापासूनचा प्रत्येक व्यवहार तिच्यात असून कोणीही तो वाचू शकतो. माणसाचे नाव तेथे नसते, खुणेचा क्रमांक असतो, एवढेच. ज्या धनाला लोक सर्वांत गुप्त समजतात, त्याची वही आमच्या गावच्या सावकाराच्या वहीहून अधिक उघडी आहे!

तिसरी युक्ती नावाची होती. विक्रीपूर्वीच हे धन पत्नीच्या नावे बक्षीस करावयास हवे होते, असे चिरंजिवांस कोणी सुचवले होते. एकत्र कुटुंबांत ही युक्ती हमखास निघते, म्हणून तिच्याविषयी थोडे विस्ताराने लिहितो. नात्यातील बक्षिसावर कर नाही, हे खरे. परंतु पतीने पत्नीस मोबदला न घेता दिलेल्या मालमत्तेचे उत्पन्न पतीच्याच उत्पन्नात धरले जाते. सासऱ्याने सुनेस दिले तरी नियम तोच, आणि अज्ञान मुलाच्या नावचे उत्पन्न आई किंवा बाप यांच्या खात्यात जाते. शिवाय दर सर्वांस तीसच टक्के. मग नाव बदलून साधले काय? मालमत्ता कुटुंबाच्या सामाईक पैशातून घेतली असेल, तर हिंदू अविभक्त कुटुंबाचा पॅन वेगळा असतो आणि तो हिशेब त्या नावे द्यावा लागतो. आमच्या चिरंजिवांनी आपल्या पगारातून घेतले होते. तेव्हा धन त्यांचे, विक्री त्यांची आणि करही त्यांचा. या चर्चेत सूनबाईंनी तोवर एक शब्द काढला नव्हता. त्या शाळेत विज्ञान शिकवतात. त्या शांतपणे एवढेच म्हणाल्या, "अहो, घेताना मला सांगितले नाहीत, मग लपवताना माझे नाव कशाला?" त्यानंतर ती युक्ती कोणी पुन्हा काढली नाही.

मातोश्री हे सारे जपमाळ हाती धरून ऐकत होत्या. त्यांचे वय शहाऐंशी. त्यांच्या बालपणी अंबाजोगाईस मोमिनाबाद म्हणत आणि येथे निजामाचा अंमल होता. त्यांच्या वडिलांचे कापडाचे दुकान होते, आणि माल येई बार्शीहून. बार्शी इंग्रजी हद्दीत. आपल्याकडे हाली सिक्का, तिकडे कळदार रुपया. सात हालींस सहा कळदार हा साधारण भाव. त्यामुळे दुकानाच्या वहीत दोन रकाने असत, आणि हद्दीवर माल आला की करोडगिरीच्या नाक्यावर जकात भरून पावती घ्यावी लागे. मातोश्री म्हणाल्या, "नाक्यावरच्या शिपायाला चार आणे देऊन गाडी आडवाटेने काढणारे होतेच की. पण बाबा पावती घेत. म्हणत, ही पावती सरकारसाठी नव्हे. उद्या मी नसलो तर दुकानात काय आहे, ते पोरांना हिच्यावरून कळेल." १९४८ च्या सप्टेंबरात निजामी अंमल संपला, पुढे काही वर्षांत हाली सिक्काही गेला. आजोबांनी नाणी वेळेवर बदलून घेतली, कारण कोणती नाणी कोठे व किती आहेत ते वहीत लिहिलेले होते. शेजारच्या एका घरी मात्र भिंतीत पुरलेली हालीची घागर वाडा पाडताना निघाली. तोवर त्या रुपयांना बाजारात कोणी विचारीत नव्हते, आणि पुरणारा तर केव्हाच गेला होता.

या गोष्टीने वादाचे तोंडच बदलले. आम्ही तोवर सरकार आणि मुलगा यांच्यातील प्रश्न म्हणून याकडे पाहत होतो. खरा प्रश्न मुलगा आणि घर यांच्यातील होता. थोरल्या बंधूंनी हलक्या आवाजात विचारले, "बाळ, या तीन वर्षांत तुला काही झाले असते, तर हे कोणास मिळाले असते?" चिरंजिवांनी खरे तेच सांगितले. किल्लीचे शब्द त्यांच्या एका वहीत होते, वही कार्यालयाच्या टेबलात होती, आणि ती कशाची आहे, हे जगात दुसऱ्या कोणास ठाऊक नव्हते. शेताचा सातबारा तलाठ्याकडे असतो, बँकेत वारस नोंदलेला असतो. या धनाचा मालक गेला आणि शब्द हरवले, तर ते परत मिळवून देणारी कचेरी पृथ्वीच्या पाठीवर नाही. बापाच्या चेहऱ्याकडे पाहून मुलाने मान खाली घातली. करावरून आवाज चढवणारा तो, यावर काही बोलला नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी आपण होऊन गावातील एका सनदी लेखापालांकडे आमच्यासह जाण्याचे ठरवले. तेथे जे कळले ते उपयोगाचे असल्याने सांगतो. नोकरदार मंडळी दरवर्षी 'सहज' नावाचा सोपा फॉर्म भरतात. आभासी मालमत्ता विकली त्या वर्षी तो चालत नाही. नोकरदारास दुसऱ्या क्रमांकाचा फॉर्म घ्यावा लागतो, आणि हा धंदाच असेल तर तिसऱ्या क्रमांकाचा. त्यात या मालमत्तेचे स्वतंत्र परिशिष्ट आहे. प्रत्येक विक्रीस एक ओळ: खरेदीची तारीख, विक्रीची तारीख, खरेदीची किंमत, विक्रीची रक्कम, नफा. बक्षीस मिळालेले असेल, तर देणाऱ्याने मोजलेली किंमत शोधून काढावी लागते. तोट्याच्या ओळीत शून्य लिहावे लागते, पण ओळ वगळावयाची नाही. एक नाणे देऊन दुसरे घेतले तरी ती विक्रीच. हाती रुपया न येता कर पडतो, ही गोष्ट तरुणांच्या ध्यानात सहसा येत नाही. मोठी रक्कम देणे निघत असेल, तर विवरणपत्राची वाट न पाहता १५ मार्चपूर्वी आगाऊ कर भरावा, नाही तर व्याज चढते. चिरंजिवांनी मार्चमध्ये तो भरला. विवरणपत्राची मुदत त्या वर्षी वाढून सप्टेंबरावर गेली होती. त्यांनी ऑगस्ट २०२५ मध्येच ते दाखल केले. सर्वांत अधिक वेळ गेला तो २०२१ च्या खरेदीचे पुरावे जमवण्यात. खरेदी तीन हप्त्यांनी झाली होती, आणि त्यांपैकी एका हप्त्याचा कागद जुन्या ई-मेलांच्या ढिगातून शोधावा लागला. तो न सापडता तर चाळीस हजारांची खरेदी सिद्ध करणे अवघड होते. तेव्हा घेतल्या दिवशीच पावती छापून ठेवावी, हे उत्तम.

माळवदाचे म्हणाल, तर मे २०२५ मध्ये पाचांपैकी चार खणांवर स्लॅब पडला. पाचव्या खणावर त्या पावसाळ्यात निळी ताडपत्री होती. येणाजाणारे विचारीत, "एवढेच का राहिले?" आमचे बंधू सांगत, "तो सरकारचा खण." सांगताना त्यांच्या स्वरात तक्रार नसे, असे नव्हे, पण लाज तर मुळीच नसे.

या प्रकरणापासून आमच्या घरी एक नवी वही झाली आहे. तिच्यात प्रत्येक कर्त्या माणसाने आपले न दिसणारे धन लिहावे असा नियम ठरला: काय आहे, केव्हा घेतले, किती पैसे घातले, आणि किल्ली कोठे ठेवली आहे. किल्लीचे शब्द वहीत लिहावयाचे नाहीत. ते बंद पाकिटात बँकेच्या लॉकरमध्ये राहतात, आणि पाकीट कोणी उघडावे ते वहीत लिहिलेले आहे. पहिले पान चिरंजिवांनी लिहिले, दुसरे सूनबाईंनी. त्यांच्याही नावे काही म्युच्युअल फंड निघाले, ज्यांचा पत्ता चिरंजिवांस नव्हता! आमच्या गावी दासोपंतांनी एका लांबलचक पासोडीवर आपले पंचीकरण लिहून ठेवले. लिहून ठेवण्याचे महत्त्व अंबाजोगाईकरांस निराळे सांगावयास नको होते. तरीही ते सांगावयास आयकराचा एक फॉर्म यावा लागला.

कर भरून कोणास आनंद होत नाही, आणि तो झाल्याचा आव आम्ही आणणार नाही. परंतु विवरणपत्रात ती ओळ लिहावयाची म्हटल्यावर ती प्रथम घरात बोलावी लागते, हा लाभ आमच्या पदरी पडला. ज्या वाचकांच्या घरी नोकरीस लागलेले मुलगे-मुली आहेत, त्यांनी येत्या सणास पंगत उठल्यावर हा विषय एकवार काढून पाहावा. रागावून विचारू नये, नाही तर उत्तर मिळत नाही. आणि मुलांनी न विचारताच सांगितले, तर त्याहून चांगले.